टायरच्या धुराचा मालक कोण?

दौंड तालुक्यातल्या राहू बेटात उसाला तोटा नाही. एकीकडे भीमा, दुसरीकडे मुळा-मुठा आणि मध्ये गुऱ्हाळं. रस निघाला की चिपाड वाळवायचं, चुलवाणात सारायचं आणि त्याच जाळावर काहिलीतला रस आटवायचा. उसाचा गूळ उसाच्याच जाळावर! मग याच तालुक्यातल्या काही गुऱ्हाळांत जुने टायर, प्लास्टिक जाळत असल्याच्या तक्रारी का येतात?

कारण टायर दगडी कोळशाच्या तोडीची उष्णता देतो आणि स्वस्तात मिळतो. पण सोबत काळाकुट्ट धूर आणि गंधकाचा घसा धरणारा वास. टायरमध्ये गंधक कशाला? १८३९ साली चार्ल्स गुडइयरला ही किमया सापडली. कच्च्या रबरात गंधक घालून तापवलं की रबराचे लांबलचक रेणू एकमेकांना जणू टाके घालून शिवले जातात. भर मे महिन्यात तापलेल्या डांबरावरही टायर चिकट होत नाही, ते या टाक्यांमुळे. आणि याच टाक्यांमुळे जुना टायर वितळवून नवा ओतता येत नाही!

हे टाके घातले कारखान्याने, धूर मात्र गुऱ्हाळाशेजारच्या पोराबाळांच्या छातीत. १९९० साली स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट यांनी मांडलं, की वस्तू विकली म्हणून बनवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. ती निकामी झाल्यावरही त्याचीच. किती साधी आणि किती धाडसी कल्पना!

भारतात जुलै २०२२ मध्ये टायरसाठी हा नियम आला. २०२४-२५ पासून कंपनीने दोन वर्षांपूर्वी जेवढे टायर बनवले, तेवढ्याची पूर्ण जबाबदारी तिच्यावर. कंपनीने दारोदार टायर गोळा करायचे का? नाही! जुन्या टायरचा भुगा वा पुनर्वापराचं रबर करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याला प्रमाणपत्रं मिळतात आणि टायर कंपनीला ती विकत घ्यावी लागतात. पैसा चक्क उलटा वाहू लागतो, कंपनीकडून भंगाराकडे.

यात खोट शिरते ती कागदात. प्लास्टिकच्या अशाच योजनेत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला २०२३ मध्ये सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली. त्यात महाराष्ट्रातलेही कारखाने होते. म्हणून प्रत्यक्ष वजनकाट्याची तपासणी मला प्रमाणपत्राइतकीच महत्त्वाची वाटते. वजन खरं असेल, तर त्या पैशातून भुगा करणारा कारखाना भंगारवाल्याला गुऱ्हाळापेक्षा चढा भाव देऊ शकतो. मग टायरची गाडी चुलवाणाकडे वळेलच कशाला?