‘भंडारा’ शोधणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

भंडारा चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन आलं की पुढचा सल्ला ठरलेला असतो: ‘आता गूगलवर जाहिरात द्या.’ शोधशब्द निवडायचा, त्यावर बोली लावायची, कुणी तो शब्द टाइप केला की आपली जाहिरात वर झळकणार आणि क्लिक झालं तरच पैसे कापले जाणार. हिशेब सरळ वाटतो. भंडारा जिल्ह्यात मात्र पहिल्याच शब्दाला ठेच लागते.

कारण तो शब्द म्हणजे खुद्द ‘भंडारा’.

जेजुरीत उधळतात तो भंडारा. देवळासमोर पंगती उठतात तोही भंडारा. देहूजवळ तुकोबांचा भंडारा डोंगर आहे. पितळी भांड्यांचा, धानाचा आणि कोशाचा जिल्हा या गर्दीत एका कोपऱ्यात उभा असतो.

समजा, तुमसरच्या एखाद्या राइस मिलवाल्याने ‘भंडारा तांदूळ’ हा शब्द घेतला, रोजचे पाचशे रुपये ठरवले आणि एका क्लिकला दहा रुपये पडू लागले. म्हणजे दिवसाला पन्नास माणसं. आठवड्याने तो अहवाल उघडतो. कुणी शोधलं होतं ‘भंडाऱ्याला शंभर माणसांना तांदूळ किती लागतो’. कुणी ‘भंडारा पुलाव रेसिपी’. आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी ओळ म्हणजे ‘चिन्नोर धान आजचा भाव’. हा शोधणारा गिऱ्हाईक नाहीच, तो लाखनी-साकोलीकडचा शेतकरी असणार. त्याला तांदूळ घ्यायचा नाही, धान विकायचं आहे. त्याच्या क्लिकचेही दहा रुपये मिलवाल्याच्याच खात्यातून जातात.

पितळेचं तेच. ‘पितळ भाव’ शोधणाऱ्यांत नवी घागर घेणारा एखादा, जुनी भांडी मोडीत काढणारे बरेच. टसर रेशमाला विदर्भात कोसा म्हणतात, पण पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक ‘टसर’ टाइप करतं. विणकराने आपल्या तोंडातला शब्द विकत घेतला, तर ते गिऱ्हाईक हुकण्याची भीती राहतेच.

यात चूक फक्त दुकानदाराची नाही. शोधशब्द जुळवण्याचा सर्वांत ढिला प्रकार गूगलवर आपोआप निवडलेला असतो. नेमका प्रकार हवा असेल तर तो मुद्दाम निवडावा लागतो. तो ‘नेमका’ प्रकारही २०१८ पासून जवळच्या अर्थाचे शब्द सामावून घेतो. सप्टेंबर २०२० पासून तर पुरेशा लोकांनी न वापरलेले शोध अहवालात दाखवणंच बंद झालं, म्हणजे काही क्लिकांचे पैसे कशापायी गेले ते कळतच नाही. जागेची मूळ सेटिंगही तशीच. ‘भंडारा’ निवडलं की इथे राहणाऱ्यांबरोबर या ठिकाणात रस दाखवणाऱ्या बाहेरच्यांनाही जाहिरात दिसते. ज्याचे पैसे जातात त्याला हा हिशेब पुरता दिसायला हवा, आणि तो मराठीत समजावून सांगणारं माणूसही तालुक्याच्या गावी हवं.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. ऑनलाइन विक्रीच्या ईबे कंपनीने २०१२ मध्ये स्वतःच्या नावाच्या शोधशब्दांवरच्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. स्टीव्हन टॅडेलिस आणि त्यांच्या दोन सहकारी अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा जाहिरातीतून येणारे ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या दुव्यावरून तसेच येत राहिल्याचं दिसलं. जे गिऱ्हाईक येणारच होतं, त्याला बोलावण्याचे पैसे कंपनी भरत होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि भंडाऱ्यासाठी तीच जास्त मोलाची: नावाव्यतिरिक्तच्या शब्दांवरच्या जाहिरातींचा परिणाम नव्या किंवा क्वचित खरेदी करणाऱ्यांवर झाला, नेहमीच्यांवर जवळपास नाही.

आपल्या नावावर दुसऱ्याने बोली लावली तर? मेकमायट्रिप या प्रवास-बुकिंग कंपनीच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं, की दुसऱ्याचं नाव निव्वळ शोधशब्द म्हणून वापरणं, त्यातून गोंधळ होत नसेल, तर व्यापारचिन्हाचा भंग ठरत नाही. चिन्नोरच्या बाबतीत तर शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही २०२१ मध्ये मानांकन मिळालेलं आहे. एकाच शब्दावर दोन जिल्ह्यांनी बोली लावायची आणि भाव चढवून तिसऱ्याची तिजोरी भरायची, हे दोघांच्याही हिताचं नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. ज्याच्या घरी चिन्नोर शिजलाय, तो पुण्यात नोकरीला गेला तरी नाव टाकून दुकान शोधून काढतो. पण ज्या नव्या गिऱ्हाइकावर जाहिरात चालते, ज्याने कधी खाल्लाच नाही, तो ‘चिन्नोर’ टाइप करणार कुठून? तो लिहितो ‘सुवासिक तांदूळ’. आणि त्या शब्दाच्या लिलावात बासमतीवाले, आंबेमोहोरवाले, इंद्रायणीवाले मोठ्या थैल्या घेऊन आधीच बसलेले असतात. तिथे तुमसरच्या मिलवाल्याचे पाचशे रुपये दुपारच्या जेवणापर्यंतही पुरणार नाहीत. त्यापेक्षा त्याच पैशात किलो-किलोच्या पिशव्या भरून पुण्यातल्या वैदर्भीय घरांत पोचवल्या, तर शेजारच्या स्वयंपाकघरात वास जाईल आणि शेजारीण नाव विचारील.