पडद्यावर साचत जाणारं आकाश

सप्तर्षींच्या शेपटाचं टोक म्हणजे मरीची. त्याच्या जवळच, शामशबल तारकासमूहात, एम 51 ही दीर्घिका आहे. गावाबाहेरच्या बऱ्यापैकी काळोखातही लहान दुर्बिणीतून तिचे जेमतेम दोन धुरकट ठिपके दिसतात. आकाशदर्शनाच्या रांगेतले काका डोळा लावतात आणि म्हणतात, "काही दिसत नाही हो." त्यांचं खोटं नसतं. तिचे सर्पिल बाहू लॉर्ड रॉस यांना 1845 साली आयर्लंडमध्ये दिसले, तेही 72 इंची आरशातून. आता आठ इंची दुर्बिणीला काडेपेटीएवढा कॅमेरा जोडला, तर तेच बाहू लॅपटॉपवर मिनिट-दोन मिनिटांत उलगडतात.

दोष आपल्या डोळ्याचा. तो प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या अंशात आलेलं तेवढंच मेंदूकडे धाडतो. शिवाय नजरेच्या मध्यभागी दाटलेल्या, रंग ओळखणाऱ्या पेशी अंधारात जवळपास गप्पच असतात. म्हणून जुनेजाणते तिरक्या नजरेनं बघायला शिकवतात. कॅमेऱ्याला ही कसरत लागत नाही.

गंमत म्हणजे कॅमेऱ्यातून आकाश बघण्याच्या या छंदाला मोठा हातभार लावला तो चोरांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांनी. अंधाऱ्या आवारात चित्र उजळावं म्हणून त्यांत अनेक फ्रेम एकत्र करण्याची 'सेन्स-अप' नावाची सोय असे. हौशी निरीक्षकांनी तो कॅमेरा दुर्बिणीच्या नेत्रिकेच्या जागी बसवला आणि दीर्घिका पकडल्या. पुढे स्वस्त, संवेदनशील सीमॉस चिप आल्या आणि शार्पकॅपसारखी सॉफ्टवेअरं आली. चार-चार सेकंदांच्या फ्रेम ताऱ्यांवरून जुळवून एकीवर एक रचल्या जातात. शंभर फ्रेम साचल्या की त्यांची सरासरी काढताना चित्रातली खरखर दहापटीनं कमी होते. फ्रेम आखूड असल्यामुळे दुर्बीण ताऱ्यामागे अगदी काटेकोर फिरली नाही तरी निभावतं. दुर्बीण मात्र 'वेगवान', म्हणजे व्यासाच्या मानानं कमी नाभीय अंतराची हवी: एफ 10 वरून एफ 5 वर आलात की चौथा हिस्सा वेळ पुरतो.

मग ही पद्धत छायाचित्रणाचीच धाकटी बहीण का? मला नाही वाटत. हेन्री ड्रेपरनं 1880 मध्ये मृगातल्या तेजोमेघाला 51 मिनिटं काच दाखवली, पण काय उमटलं ते प्लेट धुतल्यावरच कळणार होतं. इथे चित्र डोळ्यांदेखत भरत जातं, मागे चार जण "आलं, आलं" म्हणत उभे असतात, आणि मन भरलं की दुर्बीण पुढे वळते. 2023 मध्ये आलेली सीस्टारसारखी 50 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण-यंत्रं तर मोबाइलवर टिचकी मारताच वस्तू स्वतःच शोधतात. सोय खरी; पण ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत शोधण्याची निम्मी मजा त्यात गेली.

पण कॅमेरा नेहमीच जिंकत नाही. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावस्येची. चंद्राचा अडथळा नाही, पण फटाक्यांचा धूर असतो. एकच्या सुमारास तो जरा निवळतो, तेव्हा मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो. त्याच्या तेजोमेघाचे गुलाबी पंख पडद्यावर झटकन फुलतात, मात्र गाभा पांढराफटक होतो आणि आतले चार तारे त्यात बुडतात. नेत्रिकेतून तेच चौघे टाचणीच्या टोकांसारखे स्वच्छ दिसतात, भोवती फिकट हिरवट धूसरपणा. तिथे मी कॅमेरा काढून खिशात ठेवतो.