डोंगरावरची माणसं मोजली, डोंगराचं काय?

सोलापूरकराचा डोंगराशी संबंध सुट्टीपुरता, असा सर्रास समज आहे. मे महिन्यात महाबळेश्वर, सप्टेंबरात कास, की विषय संपला. पण ज्या उजनीचं पाणी सोलापूर पितं, तिची भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. उजनीतल्या घाणीचं खापर तिथल्या भाविकांवर फोडण्यात अर्थ नाही, ती मुख्यतः पुणे-पिंपरीच्या सांडपाण्याची. तरी घाटमाथ्यावरच्या पर्यटनाचा हिशेब आपल्याही कामाचा आहे, आणि गैरसमज नेमका तिथेच आहे: तिकीट लावलं, गर्दीला मर्यादा घातली, की देखरेख झाली.

साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आलं आणि गर्दी उसळली. वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या समितीने प्रवेश शुल्क, आगाऊ नोंदणी, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा असे उपाय केले. ते हवेच होते. पण ३,००० हा आकडा माणसांचा आहे, पठाराबद्दल तो काहीच सांगत नाही. कासवर जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे. पावसाने भिजलेल्या दिवशी तीच पावलं जितकं तुडवतात, तितकं कोरड्या दिवशी तुडवत नाहीत. जाळीच्या कुंपणाचंही तसंच. पर्यटक आवरायला ते घातलं, पण त्याने गुरंही अडली. चराई थांबून गवत माजलं आणि सीतेची आसवं, गेंद यांसारख्या बुटक्या फुलांना ऊन मिळेना, अशी तक्रार झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. फुलं पर्यटकांमुळे घटली, गवतामुळे की पावसामुळे, हे ठरवायला एकच मार्ग आहे. ठरावीक चौकटी आखायच्या, काही वर्दळीच्या जागी, काही जिथे कोणी फिरकत नाही तिथे, आणि दोन्हीकडची तीच झाडं दरवर्षी मोजायची. टोपली कारवी तर साधारण सात वर्षांनी फुलते. एका हंगामाची मोजणी तिच्याबाबतीत जवळजवळ निरुपयोगी.

यावर आक्षेप येतो की इतकं मोजमाप म्हणजे स्थानिकांच्या पोटावर पाय. उलट, शुल्क गोळा करणारी गावची समिती तिथे आधीच उभी आहे. त्याच शुल्कातून, थोडं शिकवून, मोजणी करता येते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: कायदा आहे की! महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून, माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्याने सगळंच बंद होतं हा गैरसमज. शेती, घरं, हॉटेलं नियमांच्या चौकटीत चालतात. आणि माथेरानातला मोटारींचा जुना मज्जाव तिथल्या अधिसूचनेने कायम ठेवला.

पण रेषा आखली म्हणजे आतलं जपलं, असं होत नाही. सोलापूरला हे कुणी वेगळं सांगायला नको. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य कागदावर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं आणि शेतं होती. पुढे ते सुमारे १,२२२ वर आणलं गेलं, आणि त्यातल्या नान्नजच्या माळावर आज माळढोक दिसणं दुर्मीळ झालं आहे. कासलाही हेच लागू: तिथल्या चौकटींचे आकडे हंगाम संपताच जाहीर झाले आणि पुढच्या वर्षीची मर्यादा त्यांवरून कमी-जास्त झाली, तरच ३,००० या आकड्याला आधार मिळेल.