रिकामा दिसणारा पेनड्राइव्ह

मुलांनो, समजा गेल्या वर्षी तुमच्या आपाचे लग्न झाले. फोटोग्राफरने लग्नाचे सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर घालून दिले. त्या फोटोंत तुमचे नाना आहेत. नवी शेरवानी घालून, खुर्चीत बसून ते हसत आहेत. नाना आता हयात नाहीत. म्हणून अम्मीने तो पेनड्राइव्ह कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी जपून ठेवला आहे.

एके दिवशी चार फोटो छापून आणण्यासाठी तुम्ही तो झेरॉक्सच्या दुकानात नेता. दुकानदार फोटो छापून देतो. घरी आल्यावर तुम्ही पेनड्राइव्ह संगणकाला लावता आणि पाहता तर काय! 'मेहंदी', 'निकाह', 'वलीमा' ही फोल्डर दिसतच नाहीत. त्यांच्या जागी त्याच नावांची चित्रे आहेत आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक लहानसा बाण आहे. आता अम्मीला काय सांगायचे?

घाबरू नका. फोटो बहुधा तिथेच आहेत. ते राहणार की जाणार, हे मात्र तुम्ही पुढच्या पाच मिनिटांत काय करता यावर ठरेल. त्या बाणाच्या चित्रांवर क्लिक करू नका. 'फॉर्मॅट' हा शब्द दिसला तर त्यालाही हात लावू नका. पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा आणि आधी हा प्रकार काय आहे ते समजून घ्या.

पेनड्राइव्हला विषाणू लागला आहे. विष म्हणजे जहर आणि अणू म्हणजे अगदी बारीक कण. इंग्रजीत त्याला व्हायरस म्हणतात. संगणकाचा विषाणू सर्दीच्या विषाणूसारखा नसतो. तो माणसाने लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम असतो. तो स्वतःच्या नकला करतो आणि एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जातो. जाण्यासाठी त्याला वाहन लागते. आज ते वाहन पेनड्राइव्ह आहे. पूर्वी फ्लॉपी होती.

या फ्लॉपीची एक गंमत सांगतो. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला. आपल्या प्रोग्रामच्या चोरून नकला होऊ नयेत म्हणून आपण तो लिहिला, असे त्यांनी सांगितले. त्यात त्यांनी चक्क आपली नावे, पत्ता आणि फोन नंबर घातला होता! ब्रेन फ्लॉपींतून देशोदेशी पोचला. पुढे २०११ साली फिनलंडचे तज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन त्या पत्त्यावर गेले, तर ते भाऊ तिथेच भेटले. इकडे पुण्यातही दोन भाऊ होते. कैलास काटकर यांचे दुरुस्तीचे दुकान होते. तिथे विषाणू लागलेले संगणक येत. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहिले. त्यांतूनच पुढे 'क्विक हील' हा विषाणूनाशक प्रोग्राम तयार झाला.

आता आपल्या पेनड्राइव्हकडे वळू. दुकानातील संगणकाला आधीच विषाणू लागलेला होता. तिथे रोज कितीतरी लोक आपापले पेनड्राइव्ह लावतात. कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून तो तिथे आला आणि तिथून तुमच्याकडे आला. त्याने तुमची फोल्डर पुसली नाहीत. त्याने ती नुसती लपवली. विंडोजमध्ये कोणत्याही फोल्डरवर 'हे दाखवू नको' अशी खूण करता येते. विषाणूने तीच खूण केली. मग प्रत्येक फोल्डरच्या नावाचा एक शॉर्टकट बनवला. शॉर्टकट म्हणजे एखाद्या वस्तूकडे नेणारी खूणचिठ्ठी. तुम्ही 'निकाह' वर दोनदा क्लिक केले, की ही चिठ्ठी आधी विषाणूला जागे करते आणि मग खरे फोल्डर उघडून दाखवते. फोटो दिसले, म्हणून तुम्ही खूश! तेवढ्यात तुमच्या संगणकालाही विषाणू लागलेला असतो. चोराने तुमच्या घराचे दार उघडून तुम्हालाच "या, बसा" म्हणावे, तसे हे आहे. त्याच्या हुशारीची दाद द्यावीशी वाटते आणि रागही येतो.

एक शंका तुमच्या मनात येईल. क्लिक केलेच नाही, तर विषाणू येत नाही ना? बहुतेक वेळा येत नाही. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्राम आपोआप सुरू होत असे. २००९ साली आलेल्या विंडोज ७ पासून ती सोय बंद करण्यात आली. पण २०१० साली 'स्टक्सनेट' नावाचा विषाणू सापडला. इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्रातील यंत्रे बिघडवण्यासाठी तो बनवला होता आणि तो पेनड्राइव्हवरूनही पसरत असे. त्याच्या शॉर्टकटचे चित्र पडद्यावर नुसते दिसले, तरी तो जागा होई. भारतातील संगणकांनाही तो लागला होता. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ती फट बुजवली. पण ज्यांनी संगणक अद्ययावत केला, त्यांचीच फट बुजली. जुनाट, कधीही अपडेट न केलेल्या संगणकावर असली तपासणी करू नये, ती याच कारणाने.

तर चला, कामाला लागू. मोठे कुणीतरी जवळ असू द्या. ज्या संगणकावर अब्बांचा हिशेब किंवा बँकेचे काम होते, तो या कामासाठी घेऊ नका. पेनड्राइव्ह लावण्याआधी विंडोज आणि त्यातील विषाणूनाशक प्रोग्राम अद्ययावत करा. विंडोज १० व ११ मध्ये 'डिफेंडर' नावाचा विषाणूनाशक आधीपासूनच असतो. अपडेट झाल्यावर इंटरनेट बंद करा. सेटिंग्जमध्ये 'ऑटोप्ले' असते, तेही बंद करा. आता पेनड्राइव्ह लावा, पण उघडू नका. 'धिस पीसी' मध्ये त्याचे चित्र दिसेल. त्यावर माउसचे उजवे बटण दाबा आणि 'स्कॅन' निवडा. काही वेळ जाईल. जाऊ द्या.

विषाणूनाशक प्रोग्राम विषाणू शोधतो आणि काढून टाकतो. पुष्कळदा तो खोटे शॉर्टकटही काढून टाकतो. मग तुम्ही पेनड्राइव्ह उघडता आणि तो पूर्ण रिकामा दिसतो! इथेच पुष्कळ माणसांचा धीर सुटतो. "गेले सगळे," असे म्हणून ती पेनड्राइव्ह फॉर्मॅट करतात आणि जे गेले नव्हते, ते स्वतःच्या हाताने घालवतात. मीही एकदा असेच केले आहे. एका वर्गाच्या सहलीचे फोटो त्यात गेले. ती मुले आता मोठी झाली, पण भेटली की अजून विचारतात.

तुम्ही तसे करू नका. पेनड्राइव्हच्या चित्रावर पुन्हा उजवे बटण दाबा आणि 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे एक वर्तुळ असते. किती जागा भरलेली आणि किती मोकळी, हे त्यात दिसते. समजा, ९ जीबी जागा भरलेली आहे. रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये ९ जीबी कशाने भरणार? तुमच्या फोटोंनीच! ते तिथे आहेत, फक्त दिसत नाहीत.

आता त्यांना दिसते करू. वर 'व्ह्यू' असे लिहिलेले असते. विंडोज ११ मध्ये त्यात 'शो' आणि मग 'हिडन आयटम्स' निवडा. फिकट रंगाची फोल्डर दिसू लागतील. तरीही दिसली नाहीत, तर 'ऑप्शन्स' मध्ये जाऊन 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' समोरची खूण काढा. काम झाल्यावर ती खूण पुन्हा करायला विसरू नका. तिच्यामुळे संगणकाच्या महत्त्वाच्या फाइल्स झाकलेल्या राहतात आणि चुकून पुसल्या जात नाहीत. काही विषाणू सगळी फोल्डर एका नाव नसलेल्या फोल्डरमध्ये कोंबतात. चित्र दिसते, पण खाली नाव कोरे! असे फोल्डर दिसले तर त्याच्या आत पाहा.

फोटो सापडले की आनंदाने सगळे एकदम उचलू नका. कारण एखादा सोंगाड्या त्यांच्यात बसलेला असू शकतो. 'व्ह्यू' मध्येच 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' असते, ते निवडा. प्रत्येक फाइलच्या नावाला टिंबानंतर एक शेपूट असते. फोटोचे शेपूट बहुधा जेपीजी असते आणि व्हिडिओचे एमपीफोर. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस ही शेपटे प्रोग्रामची असतात. लग्नाच्या फोटोंत प्रोग्रामचे काय काम? कधी दोन शेपटे लावलेली फाइल असते, आधी जेपीजी आणि त्यापुढे ईएक्सई. शेवटचे शेपूट खरे. फोल्डरचे चित्र लावलेला प्रोग्रामही असतो. तो फोल्डरसारखा दिसतो, पण त्याला शेपूट असते. शॉर्टकटचे शेपूट मात्र विंडोज दाखवत नाही. त्याला बाणावरूनच ओळखावे लागते.

संगणकावर एक नवे फोल्डर करा आणि फक्त फोटो व व्हिडिओ त्यात उतरवा. त्या नव्या फोल्डरची पुन्हा तपासणी करा. दहा-बारा फोटो उघडून पाहा. नाना दिसले? मग त्या फोल्डरची आणखी एक नक्कल दुसऱ्या कोऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. आता, आणि आताच, जुना पेनड्राइव्ह फॉर्मॅट करायला हरकत नाही. फॉर्मॅट केल्यावर तो पाटीसारखा कोरा होतो. त्यावर फोटो परत घाला. पेनड्राइव्ह काढताना 'इजेक्ट' करून मगच काढा.

'प्रॉपर्टीज' मध्ये भरलेली जागा जवळजवळ शून्य दिसली, तर फोटो खरोखर पुसले गेले आहेत. तरीही आशा असते. पुसलेल्या फाइलच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती पुष्कळदा परत मिळवता येते. म्हणून त्या पेनड्राइव्हवर काहीही न लिहिता तो जाणकाराकडे न्या.

घरात कुणी आधीच बाणावर क्लिक केले असेल तर? खरे सांगून टाका. लपवून ठेवले, तर साफ केलेला पेनड्राइव्ह लावताच क्षणात पुन्हा बिघडेल आणि कुणालाच कारण कळणार नाही. 'डिफेंडर' मध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासणी होते. नंतर एक कोरा पेनड्राइव्ह लावून पाहा. त्यावर आपोआप काही उमटले, तर विषाणू अजून आत आहे.

हे सगळे आपल्या स्वतःच्या पेनड्राइव्हविषयी झाले. रस्त्यात किंवा शाळेच्या मैदानात सापडलेला पेनड्राइव्ह मात्र तपासायलाही लावू नका. २०१६ साली अमेरिकेतील एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध झाली. इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. निदान ४५ टक्के पेनड्राइव्हवरील फाइल्स लोकांनी उघडल्या. त्यांतील पुष्कळांना तो मालकाला परत द्यायचा होता. म्हणजे फसली ती चांगली माणसे! २०१४ साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. पेनड्राइव्हच्या आतील लहानशा चिपमधला प्रोग्राम बदलून त्याला कीबोर्डचे सोंग घेता येते. मग तो स्वतःच आज्ञा टाइप करू लागतो. अशा पेनड्राइव्हवर विषाणूची फाइलच नसते, म्हणून तपासणीत काही सापडत नाही. सापडलेला पेनड्राइव्ह मुख्याध्यापकांकडे द्या. तो कुठे सापडला, हेही सांगा.

आणि दुकानाचे काय? फोटो छापायला पुन्हा जावेच लागणार. जाताना अम्मीच्या कपाटातला पेनड्राइव्ह नेऊ नका. एका स्वस्त, जुन्या पेनड्राइव्हवर हवे तेवढे चारच फोटो घालून न्या आणि घरी आल्यावर तो न उघडता फॉर्मॅट करा. दुकानदारालाही जाता जाता सांगा, "चाचा, तुमच्या संगणकाला विषाणू लागलाय." बिचाऱ्याला बहुधा माहीत नसते. दिवसभरात त्याच्याकडे आणखी किती जणांच्या घरची लग्ने येऊन जात असतील!