मैदानाबाहेर बसविण्याची विद्या

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण कडेला, पैनगंगेच्या खोऱ्यात, उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे बाजाराचे गाव वसले आहे. आणि या टापूत सुगीची कामे उरकली की कबड्डीचे सामने व जत्रेतील कुस्त्यांच्या दंगली यांचे जे दिवस येतात, त्या दिवसांत शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या घरचा मुलगा ज्या तडफेने प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, ती पाहणाऱ्याला इकडच्या तारुण्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. परंतु त्याच मैदानावर एक गोष्ट वारंवार घडते आणि वारंवार दुर्लक्षिली जाते. चढाई करणाऱ्याचे डोके पकड करणाऱ्याच्या गुडघ्यावर आपटते, किंवा साखळी करून झेपावलेल्या दोघांची कपाळे एकमेकांवर आदळतात. मुलगा क्षणभर मातीत पडून राहतो, त्याच्या तोंडावर पाणी मारले जाते, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, तो उठून बसतो, अंगावरची माती झटकतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि पंचाची शिट्टी होताच तो पुन्हा आपल्या जागी उभा राहतो. त्या मुलाची जिद्द खरी असते, टाळ्याही मनापासूनच्या असतात. पण वैद्यकाच्या ज्या शाखेने या एका मिनिटाचाच विचार आयुष्यभर केला आहे, ती शाखा त्याला खाली बसवावयास सांगते.

कन्कशन या नावाने आता क्रिकेटच्या समालोचनातूनही परिचित झालेली ही इजा म्हणजे मेंदूला बसलेला हादरा होय. आघातासरशी कवटीच्या आतला मेंदू पुढेमागे ढकलला जातो आणि, त्याहूनही घातक म्हणजे, पिळवटला जातो. त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात, पेशींतील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, आणि हा विस्कटलेला समतोल सावरण्यासाठी पेशींना अधिक ऊर्जेची गरज लागावी नेमक्या त्याच वेळी रक्ताचा पुरवठा मंदावलेला असतो. गिझा आणि होवडा या अमेरिकन संशोधकांनी २००१ साली ही कारणपरंपरा एकत्र मांडली. यात हाड मोडलेले नसते, सीटी स्कॅनच्या चित्रात बहुधा काहीच दिसत नाही, आणि बहुसंख्य खेळाडूंची शुद्धही हरपलेली नसते. म्हणूनच ‘बेशुद्ध पडला नाही, म्हणजे फक्त मुका मार आहे’ हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज मला इतका भयावह वाटतो. डोके जड होणे, भोवळ, मळमळ, उजेड किंवा गोंगाट न सोसणे, नुकतेच घडलेले न आठवणे, विनाकारण चिडचिड अथवा रडू येणे, एवढीच काय ती या इजेची साक्ष. आणि ही साक्ष द्यावयाची असते ती खेळाबाहेर जाण्याची मुळीच इच्छा नसलेल्या मुलाने.

मस्तकाच्या नाजूकपणाची जाणीव पूर्वजांना नव्हती असे नाही. सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी ३७ मान व मस्तक या भागात आहेत, आणि कानशिलावरील शंखमर्माला त्याने सद्यःप्राणहर म्हटले आहे. मात्र खेळाडूच्या मेंदूची स्वतंत्र चिकित्सा हे विसाव्या शतकाचे कार्य. १९२८ साली न्यू जर्सीचे शववैद्य हॅरिसन मार्टलँड यांनी, मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते व बुद्धी मंदावते ती वारंवार बसलेल्या ठोशांमुळे, असे साधार लिहिले. २००५ मध्ये बेनेट ओमालू यांनी अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टर यांच्या मेंदूतील ऱ्हासाची नोंद प्रसिद्ध केली. याच काळात, २००१ साली, व्हिएन्नात या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या सहाव्या परिषदेचे निष्कर्ष आज जगभर प्रमाण मानले जातात.

आपल्याकडे या विषयाची आठवण निघाली की १९६२ च्या मार्च महिन्यातील बार्बाडोसपासून आरंभ करावा लागतो. भारतीय संघाचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने कवटी भंगून मृत्यूच्या दारात पोहोचला. त्याच्या मेंदूवर तातडीची शस्त्रक्रिया झाली, आणि रक्त देण्यासाठी जे पुढे आले त्यांत प्रतिपक्षाचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, तसे आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी हेही होते. पुढे वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी त्याच्या कवटीत धातूची पट्टी बसविली. हे चँडी म्हणजे भारतातील मज्जाशल्यविद्येचे आद्य प्रवर्तक. मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या शल्यवैद्याने १९४९ साली वेल्लोरला देशातील पहिला मज्जाशल्यविभाग उभारला होता. तो विभाग नसता तर कॉन्ट्रॅक्टर पुन्हा प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळला असता की नाही, याची मला शंका आहे. कसोटीत मात्र तो परत आला नाही. ती पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, मुंबईत काढण्यात आली.

कॉन्ट्रॅक्टरची इजा उघड होती, म्हणून धावपळ झाली. क्रिकेटपटू रमण लांबाची हकीकत आमच्या गावांना अधिक लागू पडते. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील एका क्लब सामन्यात शिरस्त्राण न घालता फलंदाजाच्या अगदी पुढ्यात क्षेत्ररक्षणाला उभा असताना चेंडू त्याच्या कपाळावर आदळला. तो उठला, आपल्या पायांनी मैदानाबाहेर गेला, आणि थोड्याच वेळात कवटीतील रक्तस्रावाने त्याची शुद्ध हरपली. तीन दिवसांनी तो मरण पावला. तो चालत गेला हे पाहणाऱ्यांना शुभलक्षण वाटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही, कारण त्या मधल्या स्वस्थ अंतराचा अर्थ ओळखणे हेच तज्ज्ञाचे काम आहे.

असा तज्ज्ञ म्हणजे कोणत्या पदवीचा धारक, असे विचारले तर एकच उत्तर देता येत नाही. कोठे तो क्रीडावैद्य असतो, कोठे मज्जाविकारतज्ज्ञ. त्याच्या सोबतीला स्मृती व अवधान तपासणारा मानसशास्त्रज्ञ लागतो, आणि तोल व दृष्टी यांचा बिघडलेला मेळ व्यायामाने पूर्ववत करणारा भौतिकोपचारतज्ज्ञही लागतो. तो खेळाडूला २२ लक्षणांची यादी देऊन प्रत्येकाची तीव्रता विचारतो, दहा शब्द ऐकवून थोड्या वेळाने पुन्हा म्हणावयास सांगतो, वर्षाचे महिने उलट्या क्रमाने म्हणवून घेतो, टाचेला चवडा लावून सरळ रेषेवर चालवितो. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड मॅडॉक्स यांनी १९९५ साली सिद्ध केलेले प्रश्न तर इतके सुगम आहेत की ते ढाणकीच्या पंचालाही विचारता येतील: आपण कोणत्या मैदानावर आहोत, हा सामन्याचा कितवा डाव, शेवटचा गुण कोणी मिळविला, मागचा सामना कोणाशी झाला, तो आपण जिंकलो का?

उपचाराच्या बाबतीत या शास्त्राने आपले जुने मतही धैर्याने बदलले आहे. पूर्वी रुग्णाला काळोख्या खोलीत दिवसचे दिवस निजवून ठेवीत. आता पहिले २४ ते ४८ तास आराम, मोबाइलचा पडदा शक्य तितका दूर, आणि त्यानंतर हलके चालणे. बफेलो येथील जॉन लेडी व बॅरी विलर यांच्या अभ्यासांनी हे दाखवून दिले की लक्षणे फारशी न वाढविणारा मोजका व्यायाम सुधारणा लवकर घडवितो. पुढे सहा पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस देत, खेळाकडे परतावयाचे; प्रत्यक्ष झटापटीची परवानगी लक्षणे पूर्ण ओसरल्यावर व डॉक्टरने तपासल्यावरच; आणि विद्यार्थी असेल तर शाळेतला अभ्यास आधी पूर्ववत व्हावा, मग सामना. घाई केली आणि सावरण्यापूर्वी दुसरा आघात झाला, तर क्वचित मेंदू झपाट्याने सुजून मृत्यू ओढवतो, आणि असे बळी बहुधा कोवळ्या वयाचेच असतात.

क्रिकेटने या ज्ञानाला २०१९ मध्ये नियमाचे रूप दिले व हादरलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची मुभा दिली. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याच्या मैदानावर शिवम दुबेच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला. नंतरही खेळत राहिलेल्या दुबेच्या जागी पुढच्या डावात हर्षित राणा उतरला, त्याने तीन बळी घेतले, आणि अष्टपैलू फलंदाजाच्या बदली वेगवान गोलंदाज कसा, यावर मोठा वाद झाला. त्या वादात ही गोष्ट झाकोळली की शिरस्त्राण कवटीचे रक्षण करते, आतल्या मेंदूचा हादरा ते पूर्णपणे थोपवू शकत नाही, आणि लक्षणे काही वेळाने उमटू शकतात. म्हणून खेळत राहिलेल्याला नंतर बाहेर ठेवणे यात वैद्यकीयदृष्ट्या विसंगत काही नव्हते. कबड्डीला तर अशा नव्या नियमाचीही गरज नाही: संघ बाराचा, मैदानात सात, पाच बाजूला बसलेलेच असतात. अडचण खरी आहे ती कुस्तीत, कारण तेथे माघार म्हणजे हार, आणि इनामाच्या कुस्तीत ती हार घरच्या मिळकतीला लागते. तेथे जत्रेच्या पंचमंडळीने अशा मल्लाला निम्मे इनाम तरी द्यावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

असे तज्ज्ञ मोठ्या शहरांतही विरळ आहेत. ढाणकीला ते उद्या येऊन बसतील अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या विद्येचा पहिला आणि सर्वांत मोलाचा भाग वैद्याच्या हातचा नाहीच. ॲमस्टरडॅमच्या परिषदेने शिक्षक, पालक व पंच यांच्यासाठी जे ओळखपत्रक दिले, त्याचा आशय एवढाच की शंका आली तर खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, त्याला एकटे सोडू नये, मोटारसायकल चालवू देऊ नये. आणि मान दुखत असेल, उलट्या होत असतील, झटके येत असतील, डोकेदुखी वाढत असेल, हातापायांची शक्ती जात असेल किंवा गुंगी चढत असेल तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मानेला इजा झाल्याचा संशय असता त्याला चौघांनी उचलून नेऊ नये. अशा रुग्णाला ढाणकीहून यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडते. मेंदूतील रक्तस्रावात हे अंतर जीवनमरणाचे ठरते, तेव्हा जिल्ह्याच्या सीमेचा विचार न करता कोठे न्यावयाचे याची तजवीज सामन्याच्या आधीच ठरलेली असावी.

हे शिकवावयाचे कोणी? अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून या प्रांताला व्यायामशिक्षक देत आले आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतू जगापुढे नेणारे पथक त्याच मंडळाचे होते. विदर्भातील शेकडो शारीरिक शिक्षण शिक्षक त्या परंपरेत तयार झाले आहेत. त्यांच्या उजळणी वर्गात या विषयाला एक दुपार द्यावी. त्याचबरोबर शालेय स्पर्धांच्या नियमपत्रिकेत एक कलम घालावे: डोक्याला मार लागलेल्या खेळाडूस बाहेर बसविण्याचा पंचाचा निर्णय अंतिम राहील, त्यावर प्रशिक्षकाची, संघाची किंवा खुद्द खेळाडूची हरकत चालणार नाही, आणि पुन्हा खेळण्यासाठी डॉक्टरचा दाखला लागेल. पुढच्या हंगामाचे परिपत्रक तालुक्यांना रवाना होण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीने हे कलम त्यात दाखल करावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.