उष्म्याचें संकट व धोरणाचें संशोधन

गेल्या उन्हाळ्यांत, वार्षिक परीक्षेच्या सुमारास, आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांला एक प्रश्न विचारिला. भूगोलाच्या पाठांत पृथ्वीचें उष्णमान वाढत असल्याचें त्यानें वाचलें होतें. तो म्हणाला, "सर, रोग कोणता हें शास्त्रज्ञांना कळलें आहे, तर मग तो बरा कां होत नाहीं?" इतक्यांत घंटा झाली व उत्तर राहून गेलें. प्रश्न मात्र आमच्या मनांतून गेला नाहीं. तो केवळ त्या एका मुलाचा नसून पुष्कळ पालकांच्याही मनांत असेल, असें वाटल्यावरून त्याचें उत्तर देण्याचा येथें यथाशक्ति प्रयत्न करीत आहों.

निदानापुरतें बोलावयाचें तर शंकेस आतां जागा उरलेली नाहीं. दगडी कोळसा, खनिज तेल व भूगर्भांतील वायु जाळल्यानें कर्बाम्ल वायु, ज्याला आजच्या पाठ्यपुस्तकांत कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो हवेंत सांठत जातो, आणि अंगावरील गोधडीप्रमाणें पृथ्वीची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. तेवढ्या काळांत पृथ्वीचें सरासरी उष्णमान एक अंशाहून अधिक वाढलें आहे. हें झालें पदार्थविज्ञान. परंतु एखाद्या शहरानें येत्या वैशाखांत काय करावें, तें कोणीं करावें, त्यास पैसा कोठून यावा, आणि केल्यानंतर खरोखर कांहीं साधलें कीं नाहीं, या प्रश्नांचीं उत्तरें पदार्थविज्ञान देत नाहीं. तीं शोधून काढणारी जी विद्या, तिला धोरणविषयक संशोधन म्हणतात. वैद्यानें रोग ओळखला म्हणजे त्याचें काम संपलें असें होत नाहीं. औषध कोणतें, मात्रा किती, पथ्य काय, रात्रीं रोग्याजवळ कोणीं जागावें, हेंही ठरवावें लागतें. आणि दुसरे दिवशीं नाडी पुनः पाहावी लागते.

हें संशोधन कसें चालतें हें कळण्यासाठीं आपण एकाच शहराची हकीकत पाहूं. २०१० सालच्या मे महिन्यांत अहमदाबाद शहरावर उष्णतेची मोठी लाट आली. ता. २१ मे रोजीं तेथील उष्णमान ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत चढलें. आतां, उन्हाळा हा कांहीं त्या शहरास नवा पाहुणा नव्हे. ऊन दरवर्षींचेंच, असें म्हणून मनुष्य डोक्यास फडकें गुंडाळतो व कामास लागतो. शिवाय 'उन्हानें मेला' अशी नोंद इस्पितळाच्या दप्तरांत फार थोड्यांचीच होते. अति उष्णतेनें शरीरांतील पाणी आटतें, हृदयावर व मूत्रपिंडांवर ताण पडतो, आणि आधींच दुर्बळ झालेला मनुष्य दगावतो. पण दाखल्यावर लिहिलें जातें तें हृदयविकार किंवा असेंच दुसरें कांहीं कारण. त्यामुळें संकट येऊन गेलें तरी तें केवढें होतें याचा अंदाज कोणासच येत नाहीं. आणि ज्या संकटाचें माप नाहीं, त्यासाठीं तिजोरी उघडत नाहीं.

संशोधकांनीं येथें एक अगदीं साधी युक्ति योजिली. मृत्यूचें कारण काय लिहिलें आहे हें पाहण्याऐवजीं त्यांनीं शहरांतील एकूण मृत्यूंचीच संख्या घेतली. मे २०१० मध्यें अहमदाबादेंत ४,४६२ माणसें मरण पावलीं. आदल्या व पुढल्या वर्षाच्या, म्हणजे २००९ व २०११ सालच्या मे महिन्यांची सरासरी काढून ती यांतून वजा केली, तेव्हां १,३४४ मृत्यु अधिक झाल्याचें दिसून आलें. नेहमींच्या मानानें हें प्रमाण शेंकडा ४३ नें जास्त होतें. ही वजाबाकी प्राथमिक शाळेंतील मूलही करील. परंतु ती करावी, आणि नेमक्या कोणत्या दोन संख्यांची करावी, हें सुचणें म्हणजेच संशोधन होय. भूकंपानें इतके लोक एका महिन्यांत गेले असते तर सर्व देशभर हाहाकार उडाला असता. येथें ते एकेकटे, आपापल्या घरीं, पत्र्याखालीं व रस्त्याच्या कडेला गेले, आणि आंकडा समोर येईपर्यंत तें सर्व एकच संकट होतें हें कळलें नाहीं.

किती गेले हें कळल्यावर पुढला प्रश्न असा कीं कोणास धोका अधिक? उन्हांत राबणारे मजूर, झोपडपट्टींतील कुटुंबें, वृद्ध माणसें व तान्हीं मुलें यांच्याकडे अभ्यासकांचें लक्ष गेलें. यांपैकीं तान्ह्या मुलांची गोष्ट तर ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. शहरांतील एका म्युनिसिपल इस्पितळांत बाळंतिणींचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर होता. वरचें छत दिवसभर तापे आणि त्याखालीं निजलेल्या नवजात बालकांस ताप भरे. हा ताप जंतूंचा नसून छताचा आहे, हें दप्तरें तपासल्यावर उघड झालें. तो विभाग खालच्या मजल्यावर हलविल्यानंतर उष्णतेमुळें अतिदक्षता विभागांत न्याव्या लागणाऱ्या बालकांचें प्रमाण बरेंच उतरलें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं. खाटा तेवढ्या खालीं आणिल्या. परंतु कोणीतरी बसून वह्या पाहिल्या नसत्या, तर त्या खाटा आजही वरच असत्या.

अशा माहितीच्या आधारें २०१३ सालीं अहमदाबाद महानगरपालिकेनें आपला उष्मा कृति आराखडा अमलांत आणिला. गांधीनगर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ व अमेरिकेंतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थांचें त्यास साहाय्य होतें. दक्षिण आशियांतील अशा प्रकारचा हा पहिला आराखडा मानला जातो. त्यांत दिवसाच्या उष्णमानावरून इशाऱ्याचे रंग ठरविले: ४१.१ पासून ४३ अंशांपर्यंत पिवळा, त्यावर ४५ च्या आंत नारिंगी, आणि ४५ वा त्याहून अधिक असल्यास तांबडा. नुसते रंग ठरवून भागत नाहीं, म्हणून कोणता रंग लागला असतां कोणीं काय करावयाचें हेंही लिहून ठेविलें. लोकांस इशारा कोणीं द्यावा, पाण्याची सोय कोणीं करावी, इस्पितळांनीं बर्फ व खाटा केव्हां सज्ज ठेवाव्या, मजुरांच्या कामाच्या वेळा कशा बदलाव्या, हें सर्व लाट येण्यापूर्वींच ठरलेलें असे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जी जुनी खोड, तिच्यावर हा उतारा होता. पुढें गरिबांच्या घरांचीं छपरें पांढऱ्या रंगानें रंगविण्याचाही उपक्रम निघाला. कारण पांढरा पृष्ठभाग ऊन परतवितो व खालची खोली कमी तापते, हें तुम्ही प्रकाशाच्या धड्यांत शिकलांच आहां.

येथवर पुष्कळ सरकारी योजनांची गोष्ट येऊन संपते. परंतु संशोधनाची गोष्ट येथें अर्धीच होते. आराखड्यानें खरोखर जीव वाचले काय? २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आराखड्यापूर्वींच्या व नंतरच्या वर्षांची तुलना करण्यांत आली. सारख्याच उष्ण दिवशीं पूर्वीं किती मृत्यु होत व आतां किती होतात, असा तो हिशेब होता. त्यावरून वर्षाकाठीं सरासरी सुमारे १,१९० मृत्यु टळले असावेत, असें अनुमान निघालें. हें अनुमान आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. वांचलेल्या मनुष्यास आपण वांचलों हें ठाऊक नसतें, म्हणून त्याचें नांव कोणत्याही वहींत सांपडावयाचें नाहीं. तरीही या अनुमानाचें वजन इतकें होतें कीं इतर शहरें व प्रांत त्याच वाटेनें निघाले. २०१६ सालीं आपल्या नागपुरानेंही असा आराखडा हातीं घेतला.

मात्र एका ठिकाणीं गुण आलेलें औषध सर्वत्र लागू पडेलच असें नाहीं. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेनें २०२३ सालीं १८ राज्यांतील ३७ आराखडे तपासले. त्यांपैकीं कोणत्या वस्तीस किती धोका आहे याचें रीतसर मोजमाप फक्त दोहोंनीं केलेलें आढळलें, आणि पैसा कोठून यावयाचा हें फक्त तिहींनीं सांगितलें होतें. म्हणजे पुष्कळ ठिकाणीं कागद तयार झाला, पण त्यामागचा अभ्यास व त्यापुढची तरतूद दोन्ही राहून गेलीं. हे दोष दाखविणें कोणास अप्रिय वाटेल. आमच्या मतें, तपासलेल्या वहीवर तांबड्या शाईच्या खुणा करणारा शिक्षक जसा मुलाचा शत्रु नव्हे, तसाच हा परीक्षकही राज्यकर्त्यांचा शत्रु नव्हे. ज्यास धोरण सुधारावयाचें आहे, त्यास अशा खुणा हव्याच असतात.

आतांपर्यंत जें सांगितलें तें ढालीचें काम झालें. उष्णता आलीच तर जीव कसे राखावे, एवढेंच त्यानें कळतें. उष्णता वाढूंच नये म्हणून धूर कमी करणें हें त्याहून मोठें काम होय. कारण उष्णमान असेंच चढत राहिलें, तर कोणतीही ढाल एके दिवशीं अपुरी पडेल. तेथेंही प्रश्न त्याच जातीचे आहेत: कोणत्या उपायानें, किती पैशांत, किती धूर कमी होईल? दिव्यांचें उदाहरण घ्या. थोड्या विजेंत अधिक उजेड देणारे एलईडी दिवे प्रथम फार महाग होते. सर्वांची मागणी एकत्र करून सरकारतर्फें घाऊक खरेदी केली, तेव्हां २०१४ च्या आरंभीं ज्या दिव्याचा खरेदीभाव सुमारे ३१० रुपये होता, तो २०१६ सालीं चाळीस रुपयांच्याही खालीं आला. दिवा शास्त्रज्ञांनीं शोधला. पण तो गरिबाच्या घरांत पोंचला तो खरेदीच्या धोरणामुळें.

तर त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, रोग कळला तरी उपचार आपोआप होत नाहीं. तो ठरवावा लागतो, करावा लागतो, आणि केल्यावर तपासावा लागतो. या तिहींपैकीं एक जरी गळलें तरी मधल्या काळांत माणसें मरतात, आणि त्यांत बहुधा गरिबच अधिक असतात. हें काम मोठ्या विद्वानांचेंच आहे असेंही कोणीं समजूं नये. येत्या चैत्र-वैशाखांत आपल्या शाळेंतील पत्र्याच्या खोलींत एक व कौलारू खोलींत एक अशीं दोन उष्णतामापक यंत्रें टांगावीं, दररोज दुपारीं ठरलेल्या वेळीं त्यांवरील अंश वहींत टिपावे, आणि त्या दिवशीं कोणत्या वर्गांतील किती मुलांस भोंवळ आली किंवा डोकें दुखलें तेंही शेजारीं लिहावें. महिनाभराची अशी वही घेऊन मुलांनीं आमच्याकडे यावें. वेळापत्रक बदलावें काय, छप्पर रंगवावें काय, हा विचार ती वही समोर ठेवून शाळेच्या चालकांपुढें मांडण्यास आम्ही त्यांच्याबरोबर जाऊं.