जुनी स्पोर्ट्स कार आणि एक्सटेंडेड वॉरंटी: ९५ हजार भरायचे की नाही?



मागच्या वर्षी आपल्या बॅचमधल्या एका विद्यार्थ्याचा रात्री साडेदहाला फोन आला. सांगलीचा मुलगा, फ्लेक्स आणि व्हिनाईल प्रिंटिंगचा धंदा, सहा वर्षं मान मोडून काम केलेलं. म्हणाला, "सर, पुण्यात एक गाडी बघितलीय. दोन सीटची, छत उघडणारी, जर्मन. २०१४ चं मॉडेल, १९ लाख. डीलर म्हणतोय आणखी ९५ हजार भरा, एक वर्षाची वॉरंटी देतो. उद्या दुपारपर्यंत सांगायचंय. भरू का?"

मी विचारलं, "गाडी घेतल्यावर धंद्याच्या खात्यात किती राहतात?"

"एक लाख ऐंशी हजार."

"आणि व्हिनाईलवाल्याचे महिन्याला किती जातात?"

"सव्वा लाख."

म्हणजे बघा, प्रश्न नुसता गाडीचा नव्हता. गिअरबॉक्स गेला असता तर मशीन बंद पडायची वेळ आली असती. म्हणून हा विषय आज सविस्तर घेतोय. तुम्ही स्पोर्ट्स कार घेणार नसाल, तरी जुना टेम्पो, डीप फ्रीझर किंवा झेरॉक्स मशीन घेताना हेच गणित लागतं.

आधी एक गोष्ट कबूल करतो

माझं घरगुती उपकरणांचं दुकान आहे. फ्रिज, वॉशिंग मशीनवर मी स्वतः वाढीव वॉरंटी विकतो. त्यामुळे काउंटरच्या आतली बाजू मला माहीत आहे. फ्रिजच्या किमतीवर गिऱ्हाईक घासाघीस करतं, दोन दुकानं फिरून येतं. वॉरंटीच्या किमतीवर कोणी फारशी घासाघीस करत नाही. त्यामुळे टक्क्यांत बघितलं तर दुकानदाराला फ्रिजपेक्षा वॉरंटीवर बरं सुटतं. यात फसवणूक नाही. पण "घ्याच हो साहेब" असं कोणी म्हणत असेल तेव्हा त्यात त्याचाही फायदा आहे, एवढं लक्षात ठेवायचं.

आणि मी स्वतः फटकाही खाल्लाय. माल पोचवायला जुना पिकअप घेतला होता, २२ हजारांची वॉरंटी काढून. ऐन दिवाळीत गिअरबॉक्स गेला. क्लेम नामंजूर. कारण? मधलं एक ऑइल मी शेजारच्या मिस्त्रीकडे बदललं होतं आणि त्याचं बिल नव्हतं. ४६ हजार खिशातून गेले आणि सीझनमध्ये आठ दिवस भाड्याचा टेम्पो लावावा लागला. करारात ती अट लिहिलेली होती. वाचली नव्हती ती मीच.

वॉरंटी म्हणजे नक्की काय?

तीन गोष्टींची लोक सरमिसळ करतात.

विमा हा अपघात, चोरी, आग, पूर यासाठी असतो. चालता चालता गिअरबॉक्स झिजून गेला तर साधा विमा पैसे देत नाही. "इंजिन प्रोटेक्ट" नावाचं जे ॲड-ऑन मिळतं, तेही मुख्यतः इंजिनात पाणी शिरण्यासारख्या प्रसंगांसाठी आहे.

कंपनीची एक्सटेंडेड वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून येते. ती बहुतेक वेळा मूळ वॉरंटी संपायच्या आतच घ्यावी लागते.

तिसरा प्रकार म्हणजे डीलरची किंवा बाहेरच्या संस्थेची वॉरंटी. जुन्या गाडीबरोबर बहुतेकदा हीच गळ्यात मारली जाते. हा फक्त एक करार आहे. त्यात जे लिहिलंय तेवढंच मिळतं. सेल्समन तोंडाने "बंपर टू बंपर" म्हणाला तर त्यावर जाऊ नका. तो शब्द आपल्याकडे झिरो डेप्रिसिएशन विम्यासाठी वापरतात, वॉरंटीच्या कागदावर त्याचा काही उपयोग नाही.

स्पोर्ट्स कारमध्ये वेगळं काय?

साध्या हॅचबॅकमध्ये दहा वर्षांनी काहीही गेलं तरी गावातला मिस्त्री निभावून नेतो. स्पोर्ट्स कारमध्ये खराबी रोज येत नाही, पण आली की एकदम मोठी येते. टर्बो, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, छताचे हायड्रॉलिक पंप, सगळं महाग. पार्ट बाहेरून येणार, तोवर गाडी उभी.

जगभर गाजलेलं एक उदाहरण सांगतो. पोर्शेची बॉक्स्टर ही गाडी १९९६ मध्ये आली. तिच्या पहिल्या पिढीच्या इंजिनात आतल्या बाजूला एक बेअरिंग होतं, त्याला आयएमएस बेअरिंग म्हणतात. बहुतेक गाड्यांना काही झालं नाही. पण ज्यांचं बेअरिंग तुटलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं अख्खं इंजिनच गेलं. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि २००१ ते २००५ या काळातल्या काही गाड्यांबाबत २०१३ मध्ये तडजोड झाली.

यातून आपण काय घ्यायचं? ज्या मॉडेलवर तुमची नजर आहे, त्याचं असं ठरलेलं दुखणं कोणतं ते आधी शोधा. मग करारात बघा की ते दुखणं धरलंय का. बऱ्याच करारांत "झीज होणारे भाग" वगळलेले असतात, आणि वगळलेल्या भागामुळे दुसऱ्या भागाचं झालेलं नुकसानही वगळलेलं असतं. म्हणजे बेअरिंग झिजलं म्हणून इंजिन गेलं, तर इंजिन यादीत असूनही क्लेम अडकू शकतो.

चला, गणित मांडू

मी त्या मुलाला सांगितलं, उद्या दुपारची मुदत विसर. त्याच मॉडेलवर काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजवाल्याकडे जा आणि दोन गोष्टी विचार: मोठे खर्च कोणते आणि अशा वयाच्या साधारण किती गाड्यांत वर्षभरात ते येतात. गॅरेजवाल्याने त्या एका गाडीपुरता दिलेला अंदाज असा होता:

- गिअरबॉक्सचं काम: अडीच लाख, दहातल्या एका गाडीत. सरासरी बोजा २५ हजार.
- टर्बो: दीड लाख, पंधरातल्या एका गाडीत. सरासरी १० हजार.
- इंजिनचं मोठं काम: ६ लाख, पन्नासातल्या एका गाडीत. सरासरी १२ हजार.
- छताचा हायड्रॉलिक पंप: १ लाख २० हजार, आठातल्या एका गाडीत. सरासरी १५ हजार.
- एसी कॉम्प्रेसर: ६० हजार, आठातल्या एका गाडीत. सरासरी साडेसात हजार.
- सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स: ५० हजार, पाचातल्या एका गाडीत. सरासरी १० हजार.

बेरीज ७९,५००. वॉरंटी ९५ हजारांची. वरवर बघितलं तर फार फरक नाही, असंच वाटतं ना?

आता करार उघडा. छत आणि इलेक्ट्रॉनिक्स वगळलेलं. राहिले ५४,५००. पुढच्या पानावर आणखी एक ओळ: एका क्लेमला जास्तीत जास्त १ लाख. म्हणजे अडीच लाखांच्या गिअरबॉक्सचे १ लाख मिळणार, ६ लाखांच्या इंजिनचेही १ लाखच. ही मर्यादा लावून परत हिशोब केला तर सरासरी फायदा २६ हजारांच्या आसपास येतो. २६ हजारांच्या वस्तूला ९५ हजार!

पण सरासरीवर सगळं ठरत नाही

वॉरंटी सरासरीने तोट्याचीच असणार. विकणाऱ्याचा पगार, भाडं, नफा त्यातूनच निघतो. तरीही कधी कधी घ्यावी, कारण तुमच्याकडे गाडी एकच आहे. तिच्यात गिअरबॉक्स जाईल किंवा जाणार नाही. गेला तर अडीच लाखांचा फटका तुम्ही सोसू शकता का, हा खरा प्रश्न.

सोसता येत असेल तर वॉरंटीचे पैसे स्वतःकडेच ठेवा. सोसता येत नसेल तर वॉरंटीचा विचार करा, पण ती तोच मोठा फटका झेलणारी हवी. एसी कॉम्प्रेसर भरून देणारी आणि इंजिनच्या वेळी लाखावर थांबणारी वॉरंटी आपल्या कामाची नाही.

आणि सोसता येत नाही, भरवशाची वॉरंटीही मिळत नाही, अशी वेळ असेल तर ती गाडी सध्या आपली नव्हे. गाडी घ्यायला १९ लाख असणं आणि ती बाळगायची ऐपत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सही करण्याआधी हे आठ प्रश्न विचारा

१. पैसे कोण देणार? गाडी बनवणारी कंपनी, डीलर की तिसरीच संस्था?

२. यादी कोणती आहे? "फक्त हे भाग धरले" अशी की "हे सोडून सगळं धरलं" अशी? दुसरी केव्हाही बरी.

३. एका क्लेमला आणि वर्षाला मर्यादा किती?

४. सुरुवातीचे काही दिवस किंवा किलोमीटर क्लेम चालत नाही, अशी अट आहे का?

५. काम कुठल्या वर्कशॉपमध्ये करायचं? तुमच्या गावापासून ते किती लांब? टोइंगचे पैसे कोण देणार?

६. बिघाड शोधायला गिअरबॉक्स खोलला आणि क्लेम नाकारला, तर खोलण्याची मजुरी कोणाच्या माथी?

७. आधीच्या मालकाने रिमॅप, एक्झॉस्ट, रुंद टायर असं काही बदललंय का? स्पोर्ट्स कारमध्ये हे हमखास असतं आणि क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं.

८. गाडी विकली तर वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का?

उत्तरं लेखी घ्या. डीलर म्हणाला, "करार पैसे भरल्यावर मेलवर येईल," तर तिथूनच परत फिरा.

धंद्याच्या नावावर घेणाऱ्यांसाठी

"सर, फर्मच्या नावावर घेतो, जीएसटी परत मिळेल," असं बरेच जण म्हणतात. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवर साधारणपणे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. गाड्या विकणं, प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग शिकवणं असे ठरावीक अपवाद आहेत. अशा गाडीच्या दुरुस्ती-देखभालीवरही तीच बंदी आहे. तेव्हा वॉरंटीची किंमत जीएसटी धरूनच मोजा आणि सीएला विचारा.

दुसरं असं की क्लेमवरून वाद झाला तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने "ग्राहक" धरला जात नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, पण दोन सीटच्या स्पोर्ट्स कारबद्दल ते पटवून देणं सोपं नाही.

मग त्या मुलाचं काय झालं?

त्याने वॉरंटी घेतली नाही. गाडी लिफ्टवर चढवून तपासून घेतली. टायर संपलेले निघाले, सस्पेन्शनचं काम निघालं. त्यावर बोलून १९ लाखांचे पावणेअठरा केले. वाचलेल्या सव्वा लाखातले ८० हजार टायर आणि सस्पेन्शनला गेले, ४५ हजार उरले. त्यात वॉरंटीचे ९५ हजार घालून १ लाख ४० हजारांचं वेगळं खातं उघडलं. धंद्याच्या खात्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय दर महिन्याला ८ हजार त्यात टाकायचे.

वर्षभरात एसी कॉम्प्रेसर गेला, ५८ हजार. छताचा एक सेन्सर गेला, १७ हजार. वर्षाअखेर खात्यात १ लाख ६१ हजार शिल्लक होते.

आता प्रामाणिकपणे सांगतो, यात नशिबाचाही भाग आहे. पहिल्याच महिन्यात गिअरबॉक्स गेला असता तर त्याला १ लाख १० हजार कमी पडले असते. पण वॉरंटी घेतली असती तरी १ लाखाच्या मर्यादेमुळे १ लाख ५ हजार कमी पडलेच असते. आणि इंजिन गेलं असतं, तर गाडी आहे त्या भावात विकायची, प्रिंटिंगच्या पैशाला हात लावायचा नाही, हे त्याने गाडी घ्यायच्या आधीच वहीत लिहून ठेवलं होतं.

उलट उदाहरणही आहे. आपल्याच एका विद्यार्थिनीने चार वर्षांची गाडी घेतली. कंपनीची वॉरंटी दोन महिन्यांत संपणार होती, सर्व्हिसची सगळी बिलं जागेवर. कंपनीचीच वाढीव वॉरंटी, क्लेमला एक लाखासारखी मर्यादा नाही, आणि पुढच्या मालकाच्या नावावर होणारी. मी म्हटलं, ताई, डोळे झाकून नाही, पण वाचून घ्या. त्यांनी घेतली, आणि बरोबर केलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी काउंटरवर कोणी वॉरंटीचा कागद पुढे केला की आधी घरी न्या. एका बाजूला मोठे खर्च लिहा, दुसऱ्या बाजूला करार त्यातले किती देतो ते लिहा, आणि खाली लिहा की सगळ्यात मोठा फटका बसला तर पैसे कुठून आणाल. ही शेवटची ओळ रिकामी राहत असेल, तर सही करू नका.